अरबाचा रुपया

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितले, ‘‘तू नाणी जमवतोस म्हणे, त्यावर वीस मिनिटे बोल.’’ मी म्हटले, माझा छंद फार अरुंद आहे. मी सगळी नाणी जमवत नाही. ज्यांच्यावर गरुड आहे, तेवढीच सोन्या-चांदीची नाणी जमवतो. पलीकडून उत्तर आले, ‘‘मग दहा मिनिटांतच आटपेल.’’ तसे झाले तर बरेच आहे, जेवणाची वेळ झालीच आहे.

पण आधी एक कबुली देतो. मघापासून मागच्या रांगेतून दोघे-तिघे मला ‘टायर’ म्हणून हाक मारत आहेत. बायको विचारते आहे, हे काय नाव? पन्नास वर्षांत मी तिला सांगितलेले नाही. आज तिच्यासमोरच सांगून टाकतो, कारण माझा छंद आणि हे नाव एकाच दिवशी जन्माला आले.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आपण मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होतो. नांदेडला गोदावरी असूनही आमच्या कंधारकडच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या. गावोगावी दुष्काळी कामे निघाली होती, माणसे खडी फोडत होती. मिलोची लाल भाकरी आणि पोरांना मिळणारी सुकडी, एवढ्यावर वर्ष निघाले. मी शहरात काकांकडे राहून शिकत होतो. एके दिवशी वडील गावाहून आले. धोतराच्या सोग्यात आजीचे चांदीचे कडे, काही कलदार, काही हाली सिक्के आणि एक मोठे नाणे बांधलेले होते. धान्य घ्यायचे होते आणि माझ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता.

ते मोठे नाणे मी लहानपणापासून ओळखत होतो. आजी त्याला ‘अरबाचा रुपया’ म्हणायची. एका बाजूला डोक्यावर पदर घेतल्यासारखी एक भरदार बाई होती. तिला लक्ष्मी समजून आजी दिवाळीत हळदकुंकू वाहायची. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला दोन डोक्यांचा पक्षी होता. वरच्या अंगाला, मुकुटाशेजारी, एक छिद्र होते. कधीकाळी ते कुणाच्या तरी गळ्यात असावे.

वडील म्हणाले, ‘‘उद्या सराफ्यात जाऊ.’’ मी हट्ट धरला, एक दिवस द्या, वर्गात दाखवतो. ते नाणे मी शाळेत आणले आणि आपल्या इतिहासाच्या सरांना दिले. सरांनी ते खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिले. मग माझीच वही घेतली, पान नाण्यावर ठेवले आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासू लागले. पानावर हळूहळू पक्षी उमटला. दोन चोची, दोन माना, पंखांची पिसे, छिद्राचा पांढरा गोल. कडेची अक्षरे झिजून गेली होती. तीनच वाचता येत होती, टी, वाय, आर. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, ‘‘सर, टायरच्या कंपनीचं नाणं आहे!’’ कोण ओरडले ते इथेच बसले आहे, नाव घेत नाही. त्या दिवसापासून मी टायर झालो.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चित्राखाली लिहिले : ‘दोन डोक्यांचा पक्षी. गंडभेरुंड? पण अक्षरे इंग्रजीसारखी. विचारणे.’ मग मला म्हणाले, ‘‘जाताना सराफाला वजन विचार आणि इथं लिही.’’

दुसऱ्या दिवशी सराफ्यात वडिलांच्या शेजारी उभे राहून मी वजन विचारले. दोन तोळे साडेचार मासे. मी ते वहीत लिहिले. सराफाने कडे, कलदार, हाली आणि अरबाचा रुपया वेगवेगळ्या भावाने लावला आणि सगळे एकाच पितळी परातीत टाकले. पुढे त्या सगळ्याचे एकच होणार होते. त्या पैशांत ज्वारी आली, माझा फॉर्म भरला गेला. मी पास झालो, पुढे बँकेत लागलो आणि लातूरला घर केले. त्या नाण्याने माझे आयुष्य उभे केले, यात अतिशयोक्ती नाही. वडिलांनी ते विकले याचे मला कधीही वाईट वाटले नाही. वाईट एवढेच वाटले, की आम्ही काय विकले ते आम्हाला ठाऊक नव्हते.

सरांच्या प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळायला मला सोळा-सतरा वर्षे लागली. पुण्यात एका नाणे-प्रदर्शनात काचेखाली तोच पक्षी दिसला. वही घरी होती, पण मला वहीची गरजच नव्हती. नाण्याच्या कडेला अक्षरे स्वच्छ होती आणि त्यांत तीच तीन अक्षरे होती : टी, वाय, आर. पुढे आकडा होता १७८०. टायरची कंपनी नव्हे, तर तिरोल. ऑस्ट्रियातला डोंगराळ प्रांत. नाण्यावरची बाई म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. तिच्या अनेक पदव्यांतली एक ‘तिरोलची काउंटेस’, तिचे लॅटिन संक्षिप्त रूप कडेला कोरलेले. डोक्यावर पदर नव्हता, नवरा वारल्यावर घेतलेला विधवेचा बुरखा होता. आजीला हे कळते तर तिने हळदकुंकू वाहणे थांबवले असते की नाही, सांगता येत नाही. आजी स्वतः विधवाच होती.

त्या नाण्याला थेलर म्हणतात. वजन सुमारे २८ ग्रॅम, चांदी शेकडा ८३, व्यास साडेएकोणचाळीस मिलिमीटर. २८ ग्रॅम म्हणजे आपल्या हिशेबात दोन तोळे आणि जवळजवळ पाच मासे. सराफाने साडेचार मासे सांगितले होते. उरलेला अर्धा मासा म्हणजे छिद्र आणि कित्येकांच्या हातांनी झालेली झीज. सरांनी वजन लिहायला का लावले, ते त्या दिवशी कळले. चित्र फसवू शकते. चित्र आणि वजन दोन्ही जुळले, तर माणूस निर्धास्त होतो.

आता प्रश्न असा, की ऑस्ट्रियाच्या राणीचे नाणे कंधारच्या शेतकऱ्याच्या घरी कसे आले? मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. पण तिचे नाणे तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, इथिओपियात आणि अरबस्तानात, इतके विश्वासाचे झाले होते की लोक दुसरे नाणे घेईनात. तिथले व्यापारी राणीच्या पदकावरचे मोती मोजून नाणे खरे की खोटे ते ठरवत. म्हणून ऑस्ट्रियाने तिच्या मृत्यूनंतरही तेच नाणे, तेच १७८० साल घालून, पाडणे चालू ठेवले. पुढे लंडन, पॅरिस, रोम अशा टांकसाळींतही ते पडले. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० नंतर, इथिओपियातल्या मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने हे थेलर मुंबईच्या टांकसाळीत पाडले! फोर्टात, टाऊन हॉलशेजारी, आपल्या मराठी कारागिरांच्या हातून, दीड शतकापूर्वी वारलेल्या परदेशी राणीची लाखो नाणी बाहेर पडली. दोन डोक्यांचा ऑस्ट्रियाचा गरुड मुंबईतही अंड्यातून निघाला, असे मी नातवाला सांगतो.

पण आजीचे नाणे मुंबईचे नव्हते. ते तिच्या वडिलांकडून आलेले, म्हणजे युद्धाच्या आधीचे. त्याची वाट दुसरी असावी, आणि ती आजीनेच नावात सांगून ठेवली होती. निजामाच्या पदरी अरबांच्या पलटणी होत्या, हे आपल्याला माहीत आहे. आपल्याच वर्गात चाऊस आडनावाचे मित्र होते. त्यांचे पूर्वज येमेनच्या बाजूच्या हद्रमौतमधून आले. हद्रमौतमध्ये विसाव्या शतकातही हाच थेलर चालत होता. तिथल्या मुकल्ल्याचे कुऐती सुलतान हे तर निजामाच्या फौजेतले जमादार घराणे. माणसे इकडून तिकडे जात-येत होती, त्यांच्या कमरेच्या कशात हे नाणे इकडे आले असणार. आजी सांगायची, तिचे वडील एका अरब जमादाराच्या घोड्यांना कडबा पुरवत. कधी हाली सिक्का मिळे, कधी धान्य. एकदा हे नाणे मिळाले. हिशेब मांडला तर कडबा स्वस्त गेला नव्हता. इंग्रजी कलदारात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम, आपल्या हाली रुपयात सव्वानऊच्या आत, आणि या थेलरमध्ये २३ ग्रॅमच्या वर. एका नाण्यात अडीच हाली!

तर माझा छंद असा सुरू झाला. आधी तो थेलर शोधू लागलो, मग दुसरे गरुड दिसू लागले. एकेकाची थोडी ओळख करून देतो.

सरांनी ‘गंडभेरुंड?’ लिहिले, त्यात त्यांची चूक नव्हती. आपल्या आणि कर्नाटकाच्या देवळांत दोन डोक्यांचा हा पक्षी दिसतो. विजयनगरच्या अच्युतरायाने, म्हणजे १५२९ ते १५४२ या काळात, सोन्याच्या वराहावर आणि अर्ध्या वराहावर हाच गंडभेरुंड पाडला. अर्धा वराह पावणेदोन ग्रॅमचाही नाही, चिंचोक्यापेक्षा लहान. पण त्यावरचा पक्षी चोचीत आणि पंजांत हत्ती धरून उभा आहे. पाठीमागे नागरी अक्षरांत राजाचे नाव. ऑस्ट्रियाचा गरुड ढालीसारखा स्थिर आहे, आपला गंडभेरुंड मात्र कामाला लागलेला आहे. हा फरक एकदा लक्षात आला की पुन्हा गफलत होत नाही.

गरुडाचे सर्वांत देखणे नाणे समुद्रगुप्ताचे. सोन्याचा दिनार, पावणेआठ ग्रॅमच्या आतबाहेर. राजा उभा राहून वेदीवर आहुती देतो आहे आणि वेदीमागे उंच दांड्यावर गरुड बसला आहे, गरुडध्वज. राजाच्या हाताखाली ‘समुद्र’ ही अक्षरे एकाखाली एक लिहिलेली. मागे सिंहासनावर लक्ष्मी. हे नाणे माझ्याकडे नाही आणि बँकेच्या पेन्शनमध्ये येणारही नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन काचेवर नाक टेकवून पाहतो.

पण त्याच घराण्याचे चांदीचे नाणे माझ्याकडे आहे, आज खिशात आणले आहे. समुद्रगुप्ताचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त याने पश्चिमेच्या क्षत्रपांना हरवले. त्या मुलखात क्षत्रपांची चांदीची छोटी नाणी रुळली होती : एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर. चंद्रगुप्ताने शहाणपणा केला. लोकांच्या हाताला सवय झालेले वजन आणि आकार तोच ठेवला. राजाचे मस्तक, आणि त्याभोवती कुणालाच वाचता न येणारी झिजकी ग्रीक अक्षरेसुद्धा तशीच राहू दिली. फक्त मागचा डोंगर काढला आणि तिथे पंख पसरलेला गरुड बसवला. राज्य बदलले ते शेतकऱ्याला दवंडीच्या आधी नाण्याने कळले असेल. ही चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावती, विदर्भाच्या वाकाटकांच्या घरी दिलेली, आपली महाराष्ट्राची सून. माझे नाणे तिच्या भावाचे, कुमारगुप्ताचे. वजन दोन ग्रॅम. कुमारगुप्ताची अशी नाणी अचलपूरला आणि सातारा भागातही सापडलेली आहेत. जेवणानंतर हातात घेऊन बघा. कडेने धरा, जिलबी खाऊन धरू नका.

आता म्हणाल, आपल्या नांदेड-लातूरचे काय? मित्रहो, आपण तर गरुडाच्या घरचेच. राष्ट्रकूट सम्राट आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. साम्राज्य मान्यखेटपर्यंत आणि त्याही पलीकडे गेले, वेरूळचे कैलास त्यांनी कोरले, तरी मूळ गावाचे नाव त्यांनी पदवीतून पुसले नाही. कंधारलाही त्यांच्या खुणा आहेत, तिथला जगत्तुंग समुद्र तलाव तुम्ही पाहिला असेल. आणि या राष्ट्रकूटांचे राजचिन्ह होते गरुड. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर तो बसलेला असतो. पुढे देवगिरीच्या यादवांच्या मुद्रेवरही गरुडच आला.

गंमत बघा. एवढे मोठे साम्राज्य, अरब प्रवाशांनी ज्याची जगातल्या मोठ्या राजांत गणना केली, त्या राष्ट्रकूटांची म्हणून खात्रीने ओळखता येतील अशी नाणी जवळजवळ सापडत नाहीत. लेखांत द्रम्म आणि सुवर्ण यांचे उल्लेख येतात, हातात मात्र गरुडाचे नाणे येत नाही. यादवांचे सोन्याचे पद्मटंक मिळतात, वाटीसारखे खोलगट, मध्ये कमळ. पण त्या कमळाने गरुडाची जागा घेतलेली आहे. म्हणजे ज्या गावच्या राजांचा गरुड, त्या गावच्या माणसाला गरुडाच्या नाण्यासाठी मगध आणि व्हिएन्नापर्यंत जावे लागते. मी लातूरला गंजगोलाईत भाजी घेताना कधीकधी याच विचाराने हसतो आणि भाजीवाली विचारते, ‘‘काय झालं साहेब, महाग वाटली का?’’

या दोन्ही गोष्टींवर मोठे काम केले ते एकाच मराठी माणसाने, डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी. राष्ट्रकूटांवरचा त्यांचा ग्रंथ १९३४ चा. आणि १९४६ मध्ये राजस्थानात भरतपूरजवळ बयाना इथे गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला, तेव्हा त्याची सूची अळतेकरांनीच केली. त्या साठ्यात १८२१ नाणी हाती आली. तांब्याचे भांडे गावातल्यांना सापडले होते, आणि सरकारपर्यंत गोष्ट पोचेपर्यंत काही नाणी वाटली गेली, वितळलीही होती. जी राहिली त्यांनी गुप्तांचा इतिहास नव्याने लिहायला लावला. जी वितळली त्यांवर काय होते, ते आता कुणीही सांगू शकणार नाही.

वितळणे हा आपल्याकडचाच प्रकार नाही. अमेरिकेत वीस डॉलरचे सोन्याचे नाणे असे, त्याला ‘डबल ईगल’ म्हणत, म्हणजे जोडगरुड. १९३३ मध्ये तिथले अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचे सोने सरकारजमा करायला लावले. त्या वर्षीची साडेचार लाखांच्या आसपास नाणी टांकसाळीत तयार होती, ती बाहेर न पडताच आटवली गेली. मोजकी निसटली. त्यातले एक २०२१ मध्ये लिलावात सुमारे १८९ लाख डॉलरला गेले. सोने त्यात एक औंससुद्धा नाही. बाकीची किंमत कशाची? वितळले नाही याची.

आपला अमेरिकेतला मित्र यंदा माझ्यासाठी तिथले चांदीचे ‘ईगल’ घेऊन आला आहे, त्याचे जाहीर आभार. १९८६ पासून ते निघते. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, जवळजवळ शुद्ध चांदी. सोन्याचेही निघते, ते २२ कॅरेटचे, आपल्या बायकांच्या बांगड्यांसारखे. ही नाणी बाजारात चालवण्यासाठी नसतात, गुंतवणुकीसाठी असतात. ज्यांना चांदीत पैसा ठेवायचा आहे त्यांनी अशी घ्यावीत, पण त्याला संग्रह म्हणू नये. आणि घ्यायची तर पक्क्या बिलाने घ्यावीत. दोन वर्षांपूर्वी मी स्वस्त मिळते म्हणून मोबाईलवरून एक मागवले. दिसायला हुबेहूब. तराजूवर टाकले तर २७ ग्रॅम भरले आणि लोहचुंबक जवळ नेला तर पठ्ठ्या चिकटला. वजन, व्यास, लोहचुंबक, एवढ्या तीन परीक्षा घरी करता येतात. सरांनी शिकवलेले मी पैसे देण्याआधी विसरलो, पैसे दिल्यावर आठवले.

दुसरी चूक त्याहून जुनी. पहिला थेलर विकत घेतला तेव्हा तो काळा पडलेला होता. मी आजीसारखी चिंच आणि राख घेतली आणि लखलखीत घासला. जाणकाराला दाखवला तर त्याने कपाळाला हात लावला. नाण्यावरचा काळपटपणा हे त्याचे वय असते. घासले की वय जाते आणि किंमतही. देवाची भांडी घासा, नाणी घासू नका.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूरला नोकरीत होतो. ते दिवस सांगायला नकोत, इथे बसलेल्या कित्येकांच्या घरातली माणसे त्यात गेली. काही महिन्यांनी ओळखीच्या एका सराफाचा निरोप आला, ‘‘साहेब, मोडीत जुनी नाणी आली आहेत, बघून जा.’’ मी गेलो. ढिगाऱ्यातून निघालेली, मातीने माखलेली, कलदार आणि हाली. कुणाच्या तरी भिंतीतल्या मडक्यातली. मी सवयीने त्यात छिद्र असलेला थेलर शोधू लागलो. तेवढ्यात एक म्हातारा गाठोडे घेऊन पायरी चढला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. वडील उभे राहिले होते तसाच. माझ्या लक्षात आले, मी आता काउंटरच्या दुसऱ्या बाजूला आलो आहे.

त्या दिवशी मी पाच रुपये घेतले, चांदीच्या भावाने. सराफाला वाजवी पैसे दिले, कायद्याने काही चुकले नाही. पण ती पाच नाणी मी आजवर संग्रहात लावलेली नाहीत. त्यांवर गरुडही नाही. ती कोणत्या गावची, कोणत्या घरची, हे मी विचारायला हवे होते, त्या म्हाताऱ्यालाही विचारता आले असते. मी विचारले नाही. संग्रह करणाऱ्याला मिळते ते बहुधा कुणाच्या तरी अडचणीतून मिळते. ते टाळता येत नसेल, पण निदान नाव-गाव लिहून ठेवता येते. सरांनी एका पोराच्या वहीत एवढे तरी केले होते.

म्हणून मला तुमच्याकडे एकच मागणे आहे. आता आपली आई-वडिलांची पिढी गेली, घरे वाटली गेली. कपाटे उघडली जात आहेत. चांदीचा भाव चढला की मोड घालण्याचा मोह होतो. गरज असेल तर खुशाल मोडा, माझ्या वडिलांनी मोडले म्हणून मी शिकलो. पण मोडण्याआधी तीन गोष्टी करा. दोन्ही बाजूंचा मोबाईलवर फोटो काढा, वजन लिहा, आणि ते घरात कसे आले हे म्हातारे माणूस शिल्लक असेल तर त्याला विचारून लिहा. आजी ‘अरबाचा रुपया’ म्हणाली नसती तर मला आजही काही कळले नसते. पुतळ्यांची माळ असेल तर तीही बघा. त्या पुतळ्यांचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे, एखादी खरी निघायची. शेतात, पाया खोदताना काही सापडले, तर मात्र ते आपले समजू नका. १८७८ चा कायदा आजही आहे, दहा रुपयांवरचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि शंभर वर्षांवरचे नाणे परदेशातल्या मुलासाठी बॅगेत घालू नका, तो गुन्हा आहे. अधिक जाणून घ्यायचे असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, एकदा जाऊन या. त्र्यंबकेश्वरही होईल.

शेवटचे. ती वही मी आज आणली आहे. पान पिवळे पडले आहे, पण पक्षी अजून दिसतो. इतक्या वर्षांत मी छिद्र पाडलेले बरेच थेलर पाहिले. प्रत्येक वेळी हे पान काढून ताडून बघतो. छिद्राची जागा कधीच जुळली नाही. जुळणारही नाही, ते नाणे त्याच आठवड्यात मुशीत गेले असणार. सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या प्रश्नचिन्हाखाली मी उत्तर लिहिले आहे, आणि त्याखाली आजीचे, तिच्या गावाचे नाव आणि वजन. हे पान मी शाळेच्या ग्रंथालयाला देतो आहे. मुख्याध्यापकांनी ते फ्रेम करून लावले तर आनंद आहे, पण फ्रेमपेक्षा एक पेटी ठेवा, एक छोटा तराजू ठेवा, आणि घरून नाणे घेऊन येणाऱ्या पोराला अर्धा तास द्या.

आणि मागच्या रांगेतल्या मित्रांनो, टायर म्हणायला हरकत नाही. आता अर्थ कळला आहे.